मुखपृष्ठं, पाट्या आणि पाकळीचा ल: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्राफिक डिझायनर. मूळची कोल्हापूरची, गेली सतरा वर्षं पुण्यात. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंक, दुकानांच्या पाट्या, मसाल्यांची पाकिटं आणि (हो, अजूनही) लग्नपत्रिका करते. फोनवर, प्रदर्शनात, लग्नाच्या पंगतीत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे लांबली, तिथे मला बोलायचंच होतं असं समजा.

तुम्ही नेमकं काय करता? कॉम्प्युटरवर चित्रं काढता का?

थोडी काढते. पण माझा बहुतेक दिवस अक्षरांत जातो. एखादं नाव कसं लिहिलं म्हणजे ते पुस्तक हातात घ्यावंसं वाटेल, एखादी पाटी चालत्या रिक्षातून कशी वाचता येईल, अडीचशे ग्रॅमच्या पाकिटावर कायद्याने लागणारा सगळा मजकूर बसवून वर जागा कशी उरेल, असली कामं. आई शेजाऱ्यांना सांगते, “पोरगी छपाईत आहे.” मी दुरुस्त करायला जात नाही, कारण ते फारसं चूक नाही.

ही आवड लागली कुठून?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पेंटर काकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर वाळत ठेवलेले बोर्ड आणि टर्पेंटाइनचा वास. दूध संस्था, तालमी, किराणा दुकानं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कुस्त्यांच्या जंगी मैदानाचे फलक, सगळं तिथेच रंगायचं. शाळेतून येताना मी तिथे उभी राहायची आणि घरी उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खायची.

काकांची पद्धत अशी. पत्र्यावर पांढऱ्याचे दोन हात द्यायचे. दोरी निळीत बुडवून दोन टोकांना ताणायची आणि मधे टिचकी मारायची, की सरळ निळी रेघ उमटते. अशा दोन रेघा. मग नावातली अक्षरं बोटांवर मोजायची आणि खडूने मधल्या अक्षरापासून सुरुवात करायची, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा सारखी उरते. ब्रश धरलेल्या हाताखाली एक काठी, तिच्या टोकाला फडक्याचा बोळा, म्हणजे हात ओल्या रंगाला लागत नाही. सगळी अक्षरं रंगवून झाल्यावर, अगदी शेवटी, श्वास धरून एका दमात शिरोरेघ.

मी एकदा विचारलं, काका, रेघ आधी का नाही मारत? शाळेत तर आम्ही दुरेघी वहीत लिहितो. ते म्हणाले, “आधी रेघ मारलीस तर अक्षरं लोंबकळत्यात गं. अक्षरं उभी ऱ्हाऊ देत, मग वर छप्पर घालायचं.” पुढे कलाशाळेत चार वर्षं शिकले, पण या एका वाक्याइतकं कामाचं काही हाती लागलं असं वाटत नाही. आजही नवं नाव लिहायला घेतलं की पहिले पंधरा-वीस कच्चे नमुने मी शिरोरेघेशिवायच काढते. रेघ नसताना जे अक्षर ओळखू येत नाही, ते रेघ दिल्यावरही लंगडतंच.

प्रेरणा कुठून मिळते?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा परदेशी डिझायनरांची नावं हवी असतात. थोडी देऊ शकेन, पण खोटं वाटेल. मी वाढले ती वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींवर. मराठी माणूस त्या पानावर आधी अक्षरं बघायचा आणि मग नाटक ठरवायचा. त्या पानावरची कित्येक नावं कमल शेडगे यांच्या हातची. नाव वाचायच्या आधीच नाटक विनोदी आहे की रहस्यमय, ते अक्षरांच्या अंगावरून कळायचं. कुठे काना वाकलेला, कुठे वेलांटीला भीतीचा काटा. एका रंगात, चार बोटं रुंद जागेत, वर्तमानपत्राच्या फुसक्या कागदावर हे साधायचं म्हणजे खायचं काम नाही. ते जुलै २०२० मध्ये गेले. त्यांच्या अक्षरांची कात्रणं माझ्याकडे एका बुटाच्या खोक्यात आहेत. शाई आता कागदाच्या मागल्या बाजूला उतरायला लागली आहे.

दुसरं नाव र. कृ. जोशी. १९३६ साली कोल्हापुरात जन्मले, २००८ साली गेले. जाहिरात क्षेत्रात नाव कमावून पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रात शिकवायला गेले. विंडोजवरचा ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. सरकारी पत्र उघडलं की समोर येतो तोच. लोक त्याला नावं ठेवतात, मीही ठेवते. पण पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत देवनागरीची जोडाक्षरं वाचता येतील अशी बसवणं त्या काळात किती कठीण होतं, हे समजल्यापासून जरा हळू आवाजात ठेवते.

तिसरी गोष्ट म्हणजे जुनी छापील पानं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. तिथले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, इतके घोटीव होते की ‘निर्णयसागरचं वळण’ म्हणजे देवनागरीचा मापदंड असं कितीतरी वर्षं मानलं गेलं. रद्दीच्या दुकानात निर्णयसागरची संस्कृत पोथी मिळाली तर भिंगाखाली बघा. जाड आणि बारीक भागांचं प्रमाण कुठेही चुकत नाही. त्याच्याही आधी गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी छपाई उभी केली. सोवळ्या मंडळींनी पंचांग हातात धरावं म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातल्याची गोष्ट सांगतात. गिऱ्हाइकाच्या हट्टापायी कच्चा माल बदलणारे आपण पहिले नव्हे, एवढा दिलासा मला त्यातून मिळतो.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर नेहमी बाईच का असते?

कारण दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोन चित्रकार. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढला आणि त्यांच्या स्त्रिया घराघरांत पोचल्या. मुळगावकरांचे देव आणि देवीसारख्या बायका कॅलेंडरांवरून देव्हाऱ्यात गेल्या. दिवाळी अंकाची प्रथा त्याहून जुनी आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ चा अंक पहिला मानतात. पण अंक म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी पणती आणि जो पदर येतो, तो या दोघांचा. पुढच्यांनी ती बाई उचलली, पण दलालांच्या रेषेतला जिवंतपणा काही उचलता आला नाही.

एका अंकासाठी मी बाई काढायचीच नाही असं ठरवलं. करंजीचं कातण घेतलं, त्याची चकती शाईत बुडवून कागदावर फिरवली आणि त्या दातेरी रेषेने अख्खं मुखपृष्ठ भरलं. पिवळसर कागद, तपकिरी शाई, मधे एक मोकळा अर्धचंद्र. संपादकांना फाइल पाठवली. दहा मिनिटांत फोन आला. “छान झालंय. पण ताई, बाई कुठाय?” मी म्हटलं, बाई करंज्या करतेय, म्हणून दिसत नाही. ते हसले आणि अंक तसाच छापला. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं, आणि मुखपृष्ठावर पणती धरलेली बाई परत आली.

तुमचं सर्वांत आवडतं काम कोणतं?

कोरडवाहू भागातल्या विहिरींवरच्या लेखांचं एक पुस्तक होतं, नावात ‘विहीर’ हा शब्द. लेखकाने शंभरेक फोटो पाठवले होते: बारवा, बुजलेल्या विहिरी, काठावर उगवलेले पिंपळ. प्रकाशकांना फोटोच हवा होता. मी फोटोंची तीन मुखपृष्ठं केली. तिन्ही बघून असं वाटायचं की आत तारखा असतील आणि भिंतीला खिळा शोधावा.

मग एका संध्याकाळी विजेच्या बिलाच्या पाठीवर तो शब्द नुसता लिहीत बसले. विहीर. पहिली वेलांटी ह्रस्व, तिचा दांडा व च्या डावीकडे. दुसरी दीर्घ, तिचा दांडा ह च्या उजवीकडे. म्हणजे दोन दांडे दोन टोकांना, मधे व आणि ह, आणि वर दोन कमानी एकमेकींकडे वळलेल्या. विहिरीवरचा रहाटच उभा होता की! इतकी वर्षं हा शब्द लिहीत आले आणि कधी दिसलं नव्हतं. वेलांटी ह्रस्व-दीर्घ चुकवून ‘वीहिर’ लिहिलं तर दांडे सरकतात आणि रहाट मोडतो. शुद्धलेखनाचा असा फायदा मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

हौसेने दोन्ही कमानी जोडून एक सलग कमान केली. शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं. तो म्हणाला, “पूल आहे का?” कमानी पुन्हा सोडवल्या. मधे जी फट राहिली तिच्यातून एक बारीक दोर खाली सोडला, शिरोरेघ ओलांडून थेट मुखपृष्ठाच्या तळापर्यंत. र एकटा दांड्याबाहेर राहिला, पाण्याला आलेल्या माणसासारखा.

लेखकाला पाठवलं. त्यांचा निरोप आला: सुंदर आहे, पण आमच्या भागात रहाट नव्हते, मोट होती. मी कपाळाला हात लावला. मोटेला दोर दोन असतात. वरच्या चाकावरून जाड नाडा, खालच्या कण्यावरून बारीक सोंदूर. मग एका दोराचे दोन केले, एक जाड, एक बारीक, शेजारी शेजारी खाली उतरणारे. एकाच जागी दोन वेगळ्या जाडीच्या रेषा आल्यावर मुखपृष्ठाला जो तोल आला तो माझ्या डोक्यात नव्हताच. तो लेखकाच्या हरकतीचा. दोन रंगांत छापलं, फोटो मागच्या बाजूला गेला, प्रकाशक थोडे फुरंगटले आणि नंतर विसरले.

मराठीसाठी चांगला फॉन्ट कोणता? फुकट मिळेल असा सांगा.

वाचायच्या मजकुराला ‘मुक्ता’ आणि मथळ्याला जरा गुबगुबीत हवं असेल तर ‘बालू’. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले, दोन्ही मोफत. पण फॉन्ट कोणताही घ्या, आधी माझी परीक्षा घ्या आणि मगच कामाला लावा.

ल आणि श लिहून बघा. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयातही हीच रूपं आहेत. पुष्कळ फॉन्टांत आपोआप हिंदी वळणाचे ल आणि श येतात. त्या फॉन्टात मराठी रूपं आत दडलेली असू शकतात, पण मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. बऱ्याच डिझायनरांना ही कळ माहीत नसते, म्हणून मराठी अस्मितेच्या पोस्टरवर सर्रास हिंदी ल दिसतो.

मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहा. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दोन्ही सारखे दिसले तर तो फॉन्ट मराठीच्या उपयोगाचा नाही. शेवटी ‘ॲ’ लिहा. बँक, कॅमेरा सगळीकडे ठीक निघेल, पण ‘ॲसिड’ला चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे.

आणि कोणी श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या सॉफ्टवेअरमधला जुना मजकूर पाठवत असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर एक-एक ओळ स्वतः वाचा. अर्धी अक्षरं वाटेत गळतात.

कधी मोठी चूक झाली आहे का?

झाली आहे, आणि वरच्या परिच्छेदात इतक्या तावातावाने बोलतेय ती त्यामुळेच.

कोकणावरच्या एका कथासंग्रहाचं मुखपृष्ठ केलं होतं. छापखान्याला रात्री साडेअकराला फाइल पाठवली, अक्षरांचं आकारांत रूपांतर न करता. तिथल्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता. त्याने जवळचा दुसरा घेतला. पुढचं नाव हाताने काढलेलं असल्यामुळे ते वाचलं. मागच्या बाजूच्या मजकुरात ‘किनाऱ्यावर’ तीन वेळा होतं, ते तिन्ही वेळा ‘किनार्यावर’ झालं. प्रूफ मी व्हॉट्सॲपवर, बसमध्ये उभ्याने, अंगठ्याएवढ्या आकारात बघितलं आणि “ओके” लिहिलं. हजार प्रती.

प्रकाशनाच्या कार्यक्रमात लेखकाच्या शाळेतले गुरुजी पुस्तक उलटं धरून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आवडलं. त्यांनी जवळ बोलावून हळूच विचारलं, “हे किनार् यावर म्हणजे काय हो?” कव्हरं पुन्हा छापली. पैसे मी भरले. तेव्हापासून फाइल जाताना सगळी अक्षरं आकारांत बदललेली असतात आणि प्रूफ कागदावर, खऱ्या मापात, खुर्चीत बसून बघते. ओके लिहायला अर्धा तास लावते, त्यावरून लोक वैतागतात.

आमचा इंग्रजी लोगो आहे. तसाच मराठीत करून द्याल का?

‘तसाच’ हा शब्द काढला तर देईन. राज्यात दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी मराठी सक्तीची झाली, तिची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असंही ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्या दोन महिन्यांत मला जेवढे फोन आले तेवढे आधीच्या दोन वर्षांत आले नव्हते. जवळजवळ प्रत्येकाचं एकच म्हणणं: इंग्रजी A ला जशी तिरकी दांडी आहे तशीच अ ला द्या.

अडचण अशी की रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात आणि आपली छपराला टांगलेली. (काका काहीही म्हणोत, बघणाऱ्याच्या डोळ्याला ती टांगलेलीच दिसतात.) शिवाय आपल्याकडे वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार. ‘कुर्ला’ लिहायचं तर तीन मजले लागतात, ‘Kurla’च्या एका मजल्याच्या खाचेत तो कोंबला की गुदमरतो. म्हणून मी लोगोचा स्वभाव घेते, आकार घेत नाही: कोपरे गोल की धारदार, रेषा एका जाडीची की कमीजास्त, अक्षरं दाटीने की ऐसपैस. तेवढं जुळलं की दोन पाट्या बहिणी वाटतात. जुळ्या नसल्या तरी चालतं.

वारली चित्रं वापरता का? आमच्या रिसॉर्टला हवी आहेत.

मी स्वतः काढून देत नाही. वारली म्हणजे त्रिकोणांची माणसं नव्हेत. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि तो लिहिल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या चित्रांतला तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि त्याभोवतीचा फेर चहाच्या कपांवर, रिक्षाच्या मागे, शौचालयाच्या दारावर दिसतो. काढणारा बहुधा वारली नसतो आणि पैसेही वारलीला जात नाहीत.

तुम्हाला हवंच असेल तर डहाणू-तलासरीकडच्या कलावंताला बोलवा, भिंत द्या, राहायची सोय करा आणि मागेल ते मानधन द्या. मी त्या भिंतीसमोरच्या पाटीचं काम आनंदाने करेन. एका गिऱ्हाइकाने खरंच असं केलं. चार दिवसांत झालेली ती भिंत बघायला मी दोनदा जाऊन आले.

मोडीत नाव लिहून द्याल का? टॅटू काढायचाय.

देईन, पण वाचणारा शोधून ठेवा. मोडीत काकांचा नियम उलटा आहे: आधी पानभर रेघा मारायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं सोडत जायचं. घाईने लिहिणाऱ्या कारकुनांची लिपी ती, तिचा डौल वेगातून येतो. सावकाश घोटून काढलेली मोडी मला नटवलेल्या घोड्यासारखी दिसते. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, पण टॅटूसाठी फॉन्ट वापरू नका. सुलेखनकाराकडून हातानेच लिहून घ्या.

बोरू अजून वापरता? कुठे मिळतो?

वापरते. मिळतो, पण मी स्वतः कापते. देवनागरीसाठी टोक रोमनच्या उलट बाजूला तिरकं कापावं लागतं, बाजारातल्या तयार निबांचा काप बहुधा इंग्रजीसाठीचा असतो. आपल्या अक्षरांत जाड भाग नको तिथे येत असेल तर हात नव्हे, निब बघा.

मसाल्याचं पाकीट करायला एवढे पैसे का लागतात?

कोल्हापूरजवळच्या एका बचत गटाच्या ताईंनी हे विचारलं होतं. कांदा-लसूण मसाला, अडीचशे ग्रॅम. त्यांना हवं होतं: मिरच्या, खलबत्ता, अंबाबाई, अध्यक्षांचा फोटो आणि लाल रंग. मी पाकिटाएवढा कागद कापला, त्यावर आधी कायद्याचा मजकूर लिहिला: निव्वळ वजन, किंमत, घटक, उत्पादनाची तारीख, पत्ता, एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, उरलेल्या जागेत अंबाबाई बसवा. सगळ्याजणी हसायला लागल्या. शेवटी पाकिटावर फक्त नाव आलं, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, आणि त्यातल्या एका वेलांटीची झाली मिरची. लालही गेला, कारण मसाला पारदर्शक खिडकीतून दिसतोच, आणि दुकानाच्या फळीवर शेजारची सगळी पाकिटं लालच असतात. आमचं काळं आहे. चूल पुसायच्या फडक्यासारखं दिसतं असं एक ताई म्हणाल्या. खपतं मात्र.

तुमचा दर काय? ओळखीत सूट मिळते का?

काम बघून सांगते. निम्मे पैसे आधी, दोन वेळा दुरुस्त्या त्यातच, तिसऱ्यापासून वेगळे. ओळखीत सूट नाही, चहा मिळतो. “पाचच मिनिटांचं काम आहे” असं म्हणणाऱ्यांना मी पाच मिनिटांत करून द्यायला तयार असते. अजून कोणी तसं घेतलेलं नाही.

हे सगळं आता एआय करत नाही का?

चित्रं करतो, झटपट करतो, आणि काही वेळा माझ्यापेक्षा बरी. मी कच्च्या कल्पनेसाठी वापरूनही बघते. देवनागरी अक्षरं मात्र माझ्यासमोर त्याने अशी काढली आहेत की शिरोरेघेला वाळत घातलेले मोजे वाटावेत. उद्या सुधारेल. मोटेला दोन दोर असतात हे सांगणारा लेखक मात्र तेव्हाही लागेल.

मुलाला हे शिकायचंय. कुठे घालू?

मुंबईत जे. जे. उपयोजित कला, आयआयटी मुंबईतलं आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन (म्हणजे पूर्वीचं औद्योगिक रचना केंद्र, १९६९ पासून), अहमदाबादची एनआयडी (१९६१ पासून), शिवाय पुणे, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगरच्या कलाशाळा. प्रवेशपरीक्षा, फी, वसतिगृह हे सगळं त्यांच्याकडे विचारा. मला एकच विचारायचं असतं: मुलगा वाचतो का? मराठी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं नाही तर मुखपृष्ठ कशाचं करणार? माझ्याकडे उमेदवारीला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी कॉम्प्युटर देत नाही. एक जुना दिवाळी अंक देते आणि त्यातल्या कुठल्या जाहिरातीची अक्षरं आवडली ते दुपारपर्यंत शोधायला सांगते. दोघेजण जेवणाच्या सुट्टीत गेले ते परत आले नाहीत.

पाट्यांचे फोटो काढत फिरता म्हणे. त्याचं काय करणार?

काही नाही. रंगवलेल्या पाट्या दिसल्या की थांबते: पिठाची गिरणी, पाणपोई, ‘येथे वाहने लावू नयेत’, देवळाच्या पायरीवरचं देणगीदाराचं नाव. काही हजार फोटो झाले आहेत. गगनबावड्याच्या रस्त्यावर एका सायकल दुकानाची पाटी होती, तिच्यातल्या ‘सा’चा काना म्हणजे हवा भरायचा पंप होता. परत गेले तेव्हा तिथे फ्लेक्स लागला होता, मालकाच्या मुलाच्या वाढदिवसाचा, आणि मागे जुन्या पाटीचा एक कोपरा दिसत होता. पेंटर काकांची शेडही आता नाही. तिथे फ्लेक्स छापायचं यंत्र आहे, ते काकांचा पुतण्या चालवतो. मी गेले की काम थांबवून चहा मागवतो.

मग तुमच्या स्वतःच्या घराची पाटी कोणी केली?

झालेली नाही. सहा वर्षांपूर्वी या घरात आलो. चौदा नमुने काढून झाले आहेत. नवऱ्याच्या नावातला ‘ऱ्ह’ अजून नीट बसत नाही. दारावर खडूने सात लिहिलंय. पावसाळ्यात पुसलं की कुरियरवाला स्वतःच पुन्हा लिहितो, आणि त्याचा सात माझ्यापेक्षा चांगला आहे.